आपोआप शून्य

कारखान्यात त्यांना सगळे वहिनी म्हणत. मालक त्यांच्या नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मालकांच्या तोंडी ‘वहिनी’ आलं आणि त्यांचं ऐकून स्टोअरमधल्या माणसापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. रखवालदार तर त्यांच्या वडिलांच्या वयाचा, पण तोही फाटक उघडताना ‘या वहिनी’ म्हणायचा. वहिनींना त्याचं काही वाटत नसे. कामाच्या जागी माणूस कामाने ओळखला गेला की झालं, असं त्या म्हणत.

कारखाना तसा छोटाच. खालच्या मजल्यावर जोडणी, वरच्या मजल्यावर चाचणी आणि डिझाइन. तिथे खिशाला अडकवायचे गॅसमीटर तयार होत. बॉयलर, भट्टी, जनरेटर असल्या ठिकाणी राबणाऱ्यांसाठी. जळण नीट जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाचं डोकं जड होतं, मग गुंगी येते आणि ती गुंगी पुष्कळदा उतरतच नाही. मीटरने हा वायू माणसाच्या आधी ओळखायचा, आकडा दाखवायचा आणि आकडा वाढला की कानठळ्या बसतील असं ओरडायचं.

मीटरमधला सेन्सर वायू लागला की वीज देतो, पण कशी, तर अगदी नावापुरती. ती वाढवायची आणि कन्व्हर्टर नावाच्या चिपकडून तिचा आकडा करून घ्यायचा, हे वहिनींचं काम. खरी मेख इथेच असते. दुकानातल्या तराजूचं पारडं रिकामं असतानाही काटा जरा कललेला असावा, तसं प्रत्येक सर्किटचं असतं. आत काहीच येत नसताना ते काहीतरी आकडा दाखवतंच. या चुकीला ऑफसेट म्हणतात. मोठी वीज मोजायची असेल तर ती चूक कुणाच्या गावीही नसते. पण सेन्सरची वीज इतकी क्षीण की चूक आणि खरं माप यांत कोण मोठं, असा प्रश्न पडावा.

या चुकीच्या मागे वहिनी हात धुऊन लागल्या होत्या. डाख देताना वापरलेली चिकट राळ सर्किटच्या पट्टीवर राहिली तर तिच्यातून वीज झिरपते, म्हणून प्रत्येक पट्टी त्या ब्रशने घासून धुऊन घेत. दोन वेगळ्या धातूंच्या जोडाला ऊब लागली तरी वीज तयार होते, म्हणून मोजणी चालू असताना टेबलाजवळचा पंखा बंद आणि बोटं लांब. ‘वहिनींच्या टेबलापाशी शिंकायचं असेल तर आदल्या दिवशी अर्ज द्यावा लागतो,’ असं जोडणीवाल्या बायका हसून सांगत. एवढं करूनही जी चूक उरे, तिच्यावर वहिनींनी सर्किटमध्येच तोड काढली होती. चिपच्या आतला एक स्विच सेन्सरला क्षणभर बाजूला करायचा आणि सर्किटची दोन्ही टोकं एकमेकांना जोडायचा. आता आत येणारी वीज शून्य, हे पक्कं. तरीही जो आकडा दिसेल तो सर्किटचा स्वतःचा खोटेपणा. तो मापातून वजा करायचा. शिवाय प्रत्येक माप दोनदा घ्यायचं, एकदा सुलट, एकदा टोकं उलटी करून. खरं माप उलटलं की त्याचं चिन्ह बदलतं, सर्किटची चूक मात्र दोन्ही वेळा तशीच राहते. एकातून दुसरं वजा केलं की चूक गळून पडते.

“म्हणजे खोटं बोलणाऱ्याला दोन बाजूंनी तोच प्रश्न विचारायचा,” असं त्यांचे यजमान म्हणत. ते शाळेत गणित शिकवायचे, सगळ्या गल्लीचे मास्तर.

“तसंच काहीसं,” वहिनी म्हणत. त्यांना मनातून ही तुलना आवडायची.

नवा मीटर बाजारात गेला आणि पहिल्या थंडीतच तक्रारी सुरू झाल्या. मोकळ्या हवेत मीटर तीन दाखवतो, चार दाखवतो. मालक हातात मीटर घेऊन वर आले.

“वहिनी, गिऱ्हाईक विचारतंय, बागेत उभा आहे, तर चार कसले? बागेत काय भट्टी पेटवली आहे?”

“हे सर्किटचं नाही, भाऊजी. माझं सर्किट शून्यावर आहे. सेन्सर म्हातारा होतोय. शिवाय थंडी.”

“ते तुम्हाला माहीत, मला माहीत. गिऱ्हाइकाला चारच दिसतो. तो म्हणतो, शून्यच धड दाखवत नाही, तर बाकीच्याचा काय भरवसा?” मालकांनी स्टूल ओढलं. “एक करता येईल. तुम्ही सेन्सर बाजूला करून शून्य घेता ना? नका करू बाजूला. मीटर चालू झाला की जे काही येत असेल, सर्किटचं, सेन्सरचं, सगळं मिळून, ते शून्य धरून टाकायचं. बाकीच्या कंपन्या हेच करतात.”

“आणि चालू करतानाच गॅस असला तर?”

“गॅसमध्ये उभं राहून मीटर कोण चालू करेल? सूचनापत्रात लिहू, मोकळ्या हवेतच चालू करा म्हणून.”

वहिनींना ते पटलं नाही, पण अगदी चूकही म्हणता येईना. त्यांनी मधला मार्ग काढला. चालू करताना येणारा आकडा ठरावीक हद्दीच्या आत असेल तरच त्याला शून्य धरायचं. त्यापेक्षा मोठा असेल तर मीटरने सुरू व्हायलाच नकार द्यायचा. मालकांनी मान डोलावली.

एक उन्हाळा बरा गेला. मग नकार देणारे मीटर परत येऊ लागले. जिथे सेन्सर तापत, धुरकटत, तिथले मीटर लवकर हद्दीबाहेर जात. वहिनींच्या टेबलावर त्यांचा ढीग साचला. हद्द थोडी वाढवली. ढीग कमी झाला, पुन्हा वाढला. हद्द पुन्हा वाढवली. शेवटी मालक म्हणाले, “वहिनी, मीटर सुरूच होत नसेल तर तो गॅस ओळखणार कधी? लोक तो खिशातून काढून कपाटात टाकतात. कपाटात पडलेल्या मीटरपेक्षा चालू असलेला केव्हाही बरा.”

हे बोलणं खोटं नव्हतं. मीटर न लावता तळघरात उतरणारे लोक वहिनींनी स्वतः पाहिले होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मीटरच्या प्रोग्राममधली हद्दीची ओळ काढून टाकली. आणखीही एक गोष्ट होती, ती त्या मालकांशी बोलल्या नाहीत, पण मास्तरांना सांगितली. त्या दिवशी ढिगातला प्रत्येक मीटर चालू केल्यावर पडद्यावर एकच आकडा उमटत गेला, शून्य, शून्य, शून्य, आणि त्यांना बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यामागे धावले ते सगळं एका रांगेत मांडून ठेवलंय, असं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लाँड्रीच्या तळघरात बॉयलर दुरुस्त करणारा एक माणूस मेला.

दोघे भाऊ होते, दोघेही बॉयलर मेकॅनिक. थोरला कामात वाकबगार, धाकटा त्याच्या हाताखाली शिकून तयार झालेला, आता स्वतःही संसाराला लागण्याच्या बेतात. लाँड्रीचा बॉयलर नीट पेटत नाही म्हणून दोघे सकाळीच गेले होते. थोरला दुपारी गेला. धाकट्याला दवाखान्यात नेलं, तो वाचला. थोरल्याच्या खिशाला वहिनींच्या कारखान्याचा मीटर अडकवलेला होता.

बातमी आली तेव्हा सगळ्या कारखान्यावर अवकळा पसरली. मीटर तपासणीसाठी परत आला. वहिनींनी स्वतः तपासला. मोकळ्या हवेत चालू केला, शून्य. चाचणीच्या काचपेटीत ठेवून गॅस सोडला, बरोबर आकडा. ओरडला, तोही वेळेवर. मीटर ठीक आहे, असं त्यांनी खरेपणानेच लिहून दिलं. लाँड्रीत आणि मेकॅनिक लोकांत मग दुसरंच बोललं जाऊ लागलं. थोरल्याने मीटर नुसता अडकवला, बघितलाच नसेल. की बंदच ठेवला होता? बॅटरी वाचवायची सवय असते काहींना. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, तेव्हा त्याच्या नावावर काहीही खपतं.

धाकटा दवाखान्यातून सुटला आणि कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहू लागला. हात कापायचे, चालताना एक पाय जरा ओढायचा. रखवालदार त्याला खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि समजावून परत पाठवायचा. तो पुन्हा यायचा. एकदा वहिनी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडत होत्या. फाटकाशी बसलेला हा माणूस त्यांनी पाहिला आणि रखवालदाराला विचारलं, “हे कोण?”

रखवालदार हळूच म्हणाला, “तो लाँड्रीचा, वहिनी. म्हणतो, मीटर शून्य दाखवत होता. तेवढंच म्हणतो.”

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “मी सर्किट बनवते,” त्या म्हणाल्या. “मला सांगा काय झालं ते.”

तो उठायला लागला, त्यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं.

“डोकं दुखत होतं ताई, दोघांचंही,” तो म्हणाला. “मी म्हटलं, दादा, वर जाऊ या. दादाने मीटर माझ्यासमोर धरला. म्हणाला, शून्य आहे बघ, तुझं डोकं उपाशी आल्याने दुखतंय. मग मला म्हणाला, जा, वरून वॉशर घेऊन ये आणि काहीतरी खाऊन घे. मी गेलो. खाल्लं मी, ताई. बसून खाल्लं. परत आलो तर दादा भिंतीला टेकून बसलेला. तोंड लालबुंद. मला वाटलं दमलाय. मी मीटर बघितला. शून्य.”

वहिनींनी विचारलं, “मीटर चालू कुठे केला होता?”

“कुठे म्हणजे? खालीच. आमचे कामाचे कपडे खाली बदलतो आम्ही, बॉयलरच्या मागे. कपडे घातले की मीटर अडकवायचा आणि चालू करायचा. रोजचंच.”

“आणि बॉयलर तेव्हा?”

“पेटलेलाच होता. पहाटेपासून.”

रखवालदार पुढे सांगायचा की वहिनी त्या दिवशी बाहेर न जाता तशाच मागे फिरल्या आणि जिना चढताना कठडा दोन्ही हातांनी धरून चढल्या.

वर गेल्यावर त्यांनी तोच मीटर काढला. बंद केला. या वेळी तो बंदच काचपेटीत ठेवला, शेजारी प्रयोगशाळेचा मोठा मीटर ठेवला आणि गॅस सोडला. मोठ्या मीटरचा आकडा चढत गेला, त्याने ओरडायला सुरुवात केली. पेटीच्या बाजूला आत हात घालायला रबरी मोजे बसवलेले असतात. त्यांत हात घालून वहिनींनी लहान मीटरचं बटण दाबलं. तो जागा झाला. क्षणभर त्याने स्वतःला तोललं आणि शून्य दाखवलं. शेजारी मोठा मीटर कोकलत होता आणि हा शांत, हिरवा दिवा लावून बसलेला. त्यांनी गॅस आहे तेवढाच ठेवला आणि बघत उभ्या राहिल्या. आकडा हलला नाही.

मोठ्या मीटरचा आवाज ऐकून मालक धावत वर आले. “काय झालं? गळती आहे का?”

“बघा,” वहिनी म्हणाल्या.

मालकांनी एका मीटरकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्यांना सांगावं लागलं नाही. ते धप्पकन स्टुलावर बसले.

“आपण लिहिलं होतं वहिनी,” ते म्हणाले. “मोकळ्या हवेतच चालू करा. पहिल्याच पानावर.”

“लिहिलं होतं.”

“मग?”

“मग काय, भाऊजी? तळघरात काम करणारा माणूस तळघरातच कपडे बदलतो. हे आपल्याला विचारता आलं असतं कुणालाही. मी सर्किटची चूक काढायला वर्षं घालवली आणि मग हवेतल्या विषालाच सर्किटची चूक समजायला त्याला शिकवलं. ती ओळ मी काढली. माझ्या हाताने.”

“मी सांगितलं म्हणून काढलीत.”

“तुम्ही सांगितलं. मी काढली. दोन्ही खरं आहे.” त्यांनी गॅसची तोटी बंद केली. “सरकारी तपासनिसांना बोलवा.”

मालकांचा चेहरा उतरला. “इथे किती घरं चालतात, ठाऊक आहे ना तुम्हाला? सगळं बंद पडेल.”

“असेच मीटर किती जणांच्या खिशाला आहेत, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?”

मालकांनी फोन केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. हात झटकणं त्यांना सहज शक्य होतं. मीटर ठीक असल्याचा कागद त्यांच्याकडे होता, तोही वहिनींच्याच सहीचा.

तपासनीस आले तेव्हा वहिनींनी हट्टाने धाकट्यालाही बोलावून घेतलं. काचपेटीभोवती सगळे उभे राहिले. वहिनींनी तोच प्रयोग पुन्हा केला. लहान मीटरवर शून्य उमटलं तेव्हा धाकटा दोन पावलं पुढे आला, काचेला कपाळ लावलं आणि म्हणाला, “हेच. हेच दिसत होतं.” मग वळून सगळ्यांकडे पाहत म्हणाला, “दादाने बघितलं होतं. मी सांगत होतो ना?” त्याच्या आवाजात जिंकल्याची भावना होती आणि ती ऐकवेना. तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

त्याच दिवशी वहिनी धाकट्याबरोबर त्याच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, दाराशी थोरल्याचे बूट अजून तसेच. थोरल्याची बायको कपडे वाळत घालत होती. धाकटा म्हणाला, “वहिनी, या मीटरवाल्या ताई. या सांगतील तुला.”

ती वळलीच नाही. ओला कपडा हातात धरून ऐकत राहिली. वहिनींनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, ओळ कुणी काढली तेही. मग ती म्हणाली, “म्हणजे त्यांनी मीटर लावला होता.”

“हो.”

“आणि बघितलाही होता?”

“बघितला होता. तुमचे दीर वर जाऊ या म्हणाले तेव्हाही बघितला.”

तिने कपडा पिळला, पिळून झालेला कपडा पुन्हा पिळला. “मी रोज त्यांना शिव्या घालत होते,” ती म्हणाली. “स्वयंपाक करताना, भांडी घासताना. इतकी कशी घाई, एक आकडा बघवत नाही का तुम्हाला, असं. मेलेल्या माणसाला.” मग ती दाराकडे बघत म्हणाली, “आता जा तुम्ही. पुन्हा यायचं तर या. पण आज जा.”

चौकशी लांबली. शेवटी निकाल लागला तो असा की दोष मीटरच्या रचनेत आहे आणि जबाबदारी कारखान्याची. मालकांवर खटला उभा राहिला, तारखांवर तारखा पडत गेल्या. विकलेले मीटर परत मागवले. वहिनींनी जुनी पद्धत पुन्हा आणली. सर्किटने फक्त स्वतःची चूक वजा करायची, सेन्सर बाजूला करून. सेन्सरचं शून्य कारखान्यातच, शुद्ध हवेत ठरवायचं, कामाच्या जागी त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे नवा मीटर मोकळ्या हवेत कधी तीन दाखवतो, कधी चार. दाखवू दे, असं त्यांनी मालकांना सांगितलं. पण नवे मीटर नमुन्यापुरतेसुद्धा विकले गेले नाहीत. नाव खराब झालं ते झालं. कारखाना मग पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारी यंत्रं बनवू लागला. निम्मी माणसं गेली. शिंकांचे विनोद करणाऱ्या बायकांपैकी एकही राहिली नाही.

मागवलेले सगळे मीटर काही परत आले नाहीत. पत्रं गेली, फोन झाले, पण मीटर हातोहात पुढे गेलेले असतात. सुट्टीच्या दिवशी वहिनी आणि मास्तर पिशवी घेऊन निघत. बेकऱ्या, रंगाचे कारखाने, गॅरेजं, इमारतींची तळघरं. कुठे हाकलून दिलं जाई, कुठे चहा मिळे. एका काचेच्या भट्टीवरच्या म्हाताऱ्याने तर मीटर मुठीत धरून ठेवला.

“नाही देणार,” तो म्हणाला. “एवढा चांगला मीटर कधी मिळाला नव्हता. कधी कटकट नाही, कधी ओरडा नाही.”

“म्हणूनच द्या, बाबा,” वहिनी म्हणाल्या.

“याआधीचा सारखा बोंबलायचा. काम करू द्यायचा नाही.”

“तो खरं बोलत होता.”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि मीटर खिशात टाकला. मास्तरांनी समजावलं, फोरमनला बोलावलं, काही चाललं नाही. परतताना मास्तर म्हणाले, “अगं, आपण पुन्हा येऊ की.” पुन्हा गेले तेव्हा तो काम सोडून गेला होता, मीटरसकट. कुठे गेला ते कुणाला सांगता आलं नाही. तेव्हापासून वहिनींना जेवण जाईना. कुठेतरी, कुठल्यातरी बंद खोलीत, एक मीटर चालू होतोय आणि आपोआप शून्यावर येतोय, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. मास्तर ताट पुढे सरकवत, त्या दोन घास खात आणि उठत.

धाकट्याकडे मात्र त्या जात राहिल्या. त्याच्या मेंदूला विषाने धक्का बसला होता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हे पुढेही वाढू शकतं, आणि ते वाढलं. हाताला पाना धरवेना. ठरलेलं लग्न मोडलं, मुलीकडच्यांनी गाजावाजा न करता मोडलं, तेवढाच चांगुलपणा. मग त्याला आजचं उद्या आठवेनासं झालं. लहानपणीचं सगळं लख्ख, बॉयलरचा प्रत्येक व्हॉल्व्ह लख्ख, लाँड्रीचा दिवसही लख्ख. पण त्यानंतर जे कळलं ते राहत नसे. काचपेटीपुढचा दिवस तो पार विसरला. वहिनी गेल्या की तो त्यांना ओळखायचा, फाटकाशी भेटलेल्या ताई म्हणून, आणि विचारायचा, “ताई, मीटर शून्य का दाखवत होता?”

पहिल्यांदा वहिनींनी सगळं पुन्हा सांगितलं. सर्किट कसं चुकतं, ती चूक कशी काढतात, हद्द कशासाठी घातली होती आणि मग ती कशी काढली. तो नीट ऐकायचा, कारागीर माणूस, त्याला समजायचं. समजलं की त्याचा चेहरा हळूहळू बदलत जायचा. “म्हणजे दादा वाचला असता,” तो म्हणायचा. “मी ओढून वर नेला असता तर वाचला असता. मी खात बसलो.” आणि रडायचा, जणू भाऊ आत्ताच गेला. पुढच्या भेटीत पुन्हा तोच प्रश्न, तेच ऐकणं, तेच रडणं, पहिल्याइतकंच ताजं.

वहिनी सांगत राहिल्या. खरं सांगणं हे आपल्याला चुकवता येणार नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्या घरून निघतानाच मास्तरांना कळायचं, आज कुठे जातायत ते. चपला घालायला त्यांना वेळ लागायचा.

एके दिवशी त्या गेल्या तेव्हा थोरल्याची बायको जिन्यातच भेटली. आता ती शिवणाच्या कारखान्यात जात होती, दीर तिच्याजवळच होता. तिने वहिनींना तिथेच थांबवलं.

“आज तो विचारेल,” ती म्हणाली, “तर सांगू नका.”

“मग काय सांगू?”

“काहीही. यंत्र बिघडलं होतं म्हणा.”

“बिघडलं नव्हतं. तेच तर...”

“मला माहीत आहे हो बिघडलं नव्हतं,” ती आवाज न चढवता म्हणाली. “मला एकदा खरं सांगितलंत, माझ्यावर उपकार झाले. त्याला तुम्ही दर खेपेला खरं सांगता. तुम्ही सांगून घरी जाता. मग रडणं थांबवायला मी असते. सकाळी तो विसरतो, पण उशी ओली असते, ती बघून विचारतो, वहिनी, काय झालं गं? तुमचं मन मोकळं व्हायला त्याला किती वेळा मारणार?”

वहिनी तशाच वर गेल्या.

धाकटा खिडकीशी बसला होता. त्यांना पाहून हसला, खुर्ची पुढे करायला उठला, थरथरत्या हातांनी ती सरकवली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. खालच्या गल्लीत कुणीतरी पाइप टाकतंय, पण जोड चुकीचा दिलाय, असं त्याने वरूनच ओळखलं होतं. मग त्याने विचारलं, “ताई, मीटर शून्य का दाखवत होता?”

थोरल्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली होती.

“बिघडला होता,” वहिनी म्हणाल्या.

“बिघडला होता?”

“हो. आतला एक भाग निकामी झाला होता. कुणाला कळण्यासारखं नव्हतं.”

तो विचार करत राहिला. बोटांनी गुडघ्यावर काहीतरी घट्ट केल्यासारखं करत राहिला. मग त्याने मान हलवली.

“होतं असं,” तो म्हणाला. “किती जपलं तरी बिघडतं एखादं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई.”

वहिनी बसून राहिल्या. थोरल्याच्या बायकोने आत जाऊन चहा ठेवला. इतक्या दिवसांत त्या घरात वहिनींसाठी पहिल्यांदाच चहा ठेवला गेला होता, आणि तो त्यांना प्यावा लागला.